ठरलेल्या वाराची छोटी मदत : तुमचा नेम काय आहे?

तांबडफुटी

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज वेळ मिळालाय तर लिहून टाकते. विषय साधाच आहे. रोजच्या धावपळीत आपण दुसऱ्यासाठी जे लहानसहान काही करतो, ज्याला पैसे फार लागत नाहीत, कुठल्या संस्थेचं सभासद व्हावं लागत नाही, पण केल्यावर दिवसभर छान वाटत राहतं, अशा गोष्टी इथे लिहूया. विनंती एकच, नेमाने करता त्या लिहा. वाढदिवसाला आश्रमात जेवण देणं चांगलंच, पण ते वर्षातून एकदा होतं. मला रस आहे तो दर गुरुवारी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, रोज दूध आणायला जाताना असं ज्याचं ठरून गेलंय त्यात. माझं तरी असं ठाम मत झालंय की मदतीचा वार ठरला की आनंद कितीतरी वाढतो. आदल्या दिवशीपासून तयारी सुरू होते, समोरची माणसं ओळखीची होतात, आणि आज जाऊ की नको हा प्रश्नच डोक्यात येत नाही.

माझं सांगते. आम्ही परळला राहतो. हा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, टाटा, केईएम, वाडिया सगळी हॉस्पिटलं चालत जाण्यासारखी. टाटाला कॅन्सरच्या उपचारांसाठी पार आसाम-बंगालपासून माणसं येतात, आपली विदर्भ-मराठवाड्यातली तर खूपच. ऑपरेशन होऊन जातं हो, पण पुढे केमो, मग रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, ते महिना-दीड महिना चालतं, तेवढा काळ मुंबईत काढायचा म्हणजे राहायचं कुठे आणि खायचं काय. धर्मशाळा आहेत, दादरची गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा तर कितीतरी घरांचा आधार आहे, रोज जेवण वाटणारेही आहेत, तरी फूटपाथवर पथारी टाकलेली माणसं दिसतातच.

तर शनिवारी सकाळी मी आणि शेजारच्या वहिनी मिळून डबे नेतो. पोळ्या, एक सुकी भाजी आणि मऊ खिचडी. खिचडी का, तर केमोने तोंडात फोड येतात, तिखट सोडाच, जरा आंबट लागलं तरी झोंबतं. म्हणून मुगाची डाळ जास्त, तांदूळ कमी, हळद, मीठ, वरून तूप, बाकी काही नाही. कोशिंबीर किंवा चिरलेली फळं न्यायची नाहीत, त्या दिवसांत प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते आणि डॉक्टर कच्चं खाऊ नका सांगतात. आणि डबा कायम नातेवाइकाच्या हातात द्यायचा, पेशंटला काय चालतं ते त्यांनाच माहीत असतं. हे सगळं आम्हाला तिथे बसणाऱ्या बायकांनीच शिकवलंय.

यवतमाळकडच्या एक काकू होत्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या. पोळीभाजी घेतली, जेवल्या, डबा धुऊन परत दिला आणि मग हळूच म्हणाल्या, बाई, ज्वारीची भाकर भेटन का कुठी? पुढच्या शनिवारी भाकरी आणि ठेचा नेला. त्यांनी भाकरी हातात घेतली, आधी नाकाशी नेली, डोळे मिटले, मग चतकोर मोडून पदरात बांधून ठेवली आणि उरलेली खाल्ली. चतकोर कुणासाठी विचारलं तर म्हणाल्या, बाजूच्या पलंगावरची पोरगी बी आमच्याकडचीच हाय. तेव्हापासून दर शनिवारी चार भाकरी जास्तीच्या असतातच, आणि त्या घेणारं कुणी ना कुणी असतंच.

आता तुमचे नेम सांगा.

गोणपाट

मस्त धागा काढला ताई. आम्ही अकोल्याचे, इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं पण ज्यांचं पोट रस्त्यावर आहे त्यांना बाहेर पडावंच लागतं. आमच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली रांजण असतो. आजीच्या वेळेपासून आहे, चैत्र लागला की बसवायचा आणि मृगाचा पाऊस पडला की आत घ्यायचा. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान देतात ना, ती म्हणायची एक दिवस कशाला, दोन महिने द्या.

लोकांना वाटतं रांजण ठेवला की झालं, पण खरं काम रोजचं आहे. रात्री उरलेलं पाणी झाडांना घालायचं, रांजण आतून नारळाच्या शेंडीने घासायचा, साबण अजिबात लावायचा नाही कारण माती साबण धरून ठेवते आणि मग पाण्याला वास येतो. पहाटे भरायचा. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि दुपारी एकदा परत ओलं करायचं. आत पांढऱ्या फडक्यात बांधलेली वाळ्याची जुडी. वर लाकडी झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं साखळीने अडकवलेलं, म्हणजे कुणाचा हात पाण्यात जात नाही. शेवाळ धरलं की लोक एकदा वाकून बघतात आणि परत येत नाहीत, त्यामुळे घासायला कंटाळून चालत नाही.

पिणारे कोण तर झाडू मारणाऱ्या ताई, सिलिंडरवाले, पार्सल पोचवणारी पोरं, शाळा सुटल्यावर मुलं. पार्सलवाली पोरं आता बाटल्या भरून घेऊन जातात आणि वेळ असला की थांबून दोन गोष्टी बोलतात. एक पोरगा तर गाडी उभी करून आधी डोक्यावर एक ओगराळं ओतून घेतो आणि मगच पितो, त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहावं वाटतं राजेहो.

शिंपला

@गोणपाट, वाचूनच गार वाटलं. आमच्याकडे मालवणला मातीचा माठ एवढा गार होत नाही, हवेतच पाणी भरलेलं त्यामुळे माठातून झिरपलेलं पाणी लवकर सुकत नाही. तुमच्याकडची हवा कोरडी म्हणून रांजण झकास काम करतो. आम्ही दारी आलेल्याला गूळपाणी देतो, ही पद्धत जुनीच आहे पण आता माणसं दारात येतात कुठे, सगळं फोनवर. तरी पोस्टमन आणि लाइटचे वायरमन यांना मी बिनपाण्याचं जाऊ देत नाही. वायरमन पावसात खांबावर चढतात तेव्हा तर गरम चहाच.

वडाचीवाडी

विषय चांगला आहे पण एक गोष्ट मनात खुपते ती मांडतो, रागावू नका. हल्ली मदत करायची म्हणजे आधी फोटो. ब्लँकेट देताना फोटो, केळं देताना फोटो, घेणारा बिचारा मान खाली घालून उभा. माझे वडील गेल्या वर्षी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये होते, बाहेर कुणीतरी फळं वाटत होतं, मी रांगेत नव्हतो, नुसता बाकावर बसलो होतो, तर माझ्या हातात पिशवी कोंबून तिघांनी फोटो काढला. मला फळांची गरजही नव्हती. तो प्रसंग अजून आठवतो. देणाऱ्याला आनंद झाला असेल, पण तो आनंद माझ्या जिवावर झाला.

दुसरं म्हणजे पेशंटच्या नातेवाइकांच्या राहण्याजेवणाची सोय ही मुळात व्यवस्थेने करायला हवी. आपण डबे देत राहिलो की त्या प्रश्नाकडे कुणी बघणार नाही असंही वाटतं.

तांबडफुटी

@वडाचीवाडी, रागवायचं काय त्यात, तुमचं फोटोबद्दलचं शंभर टक्के पटलं. आमचा नियमच आहे, फोन पिशवीत. आणि आम्ही वाटत फिरत नाही, ठरलेल्या झाडाखाली उभ्या राहतो, ज्याला हवं तो येतो. कुणी विचारलं की गाव कुठलं, किती दिवस झाले एवढंच बोलतो, आजाराचं आपणहून काढत नाही. सांगायचं असेल तर माणसं सांगतातच.

व्यवस्थेचं म्हणाल तर मागणी जरूर करावी, पाठपुरावा करावा, माझे मिस्टर त्या बाबतीत पत्रं लिहीत असतात. पण आज दुपारी जो उपाशी आहे त्याला आज दुपारीच खायला लागणार. दोन्ही चालू ठेवूया ना.

मनमोर

वार ठरला की आनंद वाढतो असं जे लिहिलंय त्याला अभ्यासाचाही आधार आहे बरं का. अमेरिकेतल्या सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २००५ साली तो छापून आला. विद्यार्थ्यांना सहा आठवडे दर आठवड्याला पाच चांगली कामं करायला सांगितली, कुणाला भेटायला जाणं, रक्तदान, अभ्यासात मदत असली. एका गटाने पाचही कामं आठवड्यातल्या एकाच दिवशी करायची, दुसऱ्याने आठवडाभर विखरून. एकाच दिवशी करणाऱ्यांचा आनंद वाढलेला दिसला, विखरून करणाऱ्यांचा नाही. त्यांचा अंदाज असा की लहान कामं विखुरली की ती रोजच्या रगाड्यात मिसळून जातात, आपण काही वेगळं केलं हे आपल्यालाच जाणवत नाही.

दुसरा प्रयोग मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन यांचा, २००८ साली सायन्स या साप्ताहिकात आला होता. सकाळी लोकांना पाकिटात ५ किंवा २० डॉलर दिले, काहींना सांगितलं स्वतःवर खर्च करा, काहींना सांगितलं दुसऱ्यावर करा. संध्याकाळी विचारलं तर दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुश होते, आणि पाच की वीस याने फरक पडला नव्हता. मला हे दुसरं फार आवडतं कारण आपण कायम म्हणतो पैसे आले की करू.

पाटीपेन्सिल

आमच्या घरचा नेम परीक्षेच्या हंगामाचा आहे, लेखनिकाचा. अंध विद्यार्थ्यांना पेपर लिहायला दुसरं माणूस लागतं, विद्यार्थी तोंडी उत्तर सांगतो आणि लेखनिक लिहितो. तासामागे २० मिनिटं जादा मिळतात म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. दहावी-बारावीला लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो, त्यामुळे तिथे आपल्यासारखी मोठी माणसं चालत नाहीत, आठवी-नववीतली मुलं लागतात, आणि मार्चमध्ये त्यांच्याही परीक्षा तोंडावर असतात म्हणून पालक पाठवत नाहीत. खरी अडचण इथेच आहे. माझी मुलगी नववीत असताना दहावीच्या एका मुलाची लेखनिक होती. मी कॉलेजच्या मुलांसाठी जाते, पदवीच्या परीक्षांना, विद्यापीठाचे नियम बघून.

यात काय शिकायला लागतं ते सांगते, म्हणजे कुणाला यावंसं वाटलं तर कळेल. प्रश्न आधी सलग वाचायचा, मग सावकाश परत. पर्याय असतील तर अ ब क ड सगळे वाचायचे, आवाजात चढउतार न करता, नाहीतर बरोबर उत्तर कुठलं ते आवाजावरूनच कळतं. तो जे सांगेल तेच लिहायचं. चुकतंय हे दिसत असतं, हात शिवशिवतात, पण लिहायचं तेच. मधे मधे विचारल्यावर वाचून दाखवायचं. शुद्धलेखन शंकेचं असेल तर त्यालाच विचारायचं. आणि वेळ सांगत राहायचं, कारण भिंतीवरचं घड्याळ त्याला दिसत नाही, हे मी तिथे बसल्यावरच लक्षात आलं.

परीक्षेच्या आधी एक-दोनदा भेटून सराव केला तर फार फरक पडतो. एकमेकांचा वेग कळतो. मी ज्या मुलीसाठी राज्यशास्त्राचे पेपर लिहिले ती उत्तर सांगताना टेबलावर बोटाने परिच्छेद मोजायची, एक टिचकी म्हणजे नवा परिच्छेद. सरावातच आमचं ते ठरलं. पेपर सुटल्यावर आम्ही दोघी कॅन्टीनला जायचो आणि ती मला प्रश्न कसे सरळ होते ते सांगायची. निकालाच्या दिवशी तिचा फोन आधी मला आला आणि मग तिच्या मामाला.

रानमोगरी

पाटीपेन्सिल ताई, काटा आला अंगावर. घड्याळाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझा मुलगा आठवीत आहे, तो तयार होईल असं वाटतंय. कुठे विचारायचं?

पाटीपेन्सिल

@रानमोगरी, तुमच्या गावातल्या अंध शाळेत किंवा कॉलेजमधल्या दिव्यांग विद्यार्थी विभागात सरळ जाऊन नाव नोंदवा. इयत्ता, माध्यम आणि अक्षर कसं आहे एवढं सांगा. डिसेंबर-जानेवारीतच नोंदवलं तर बरं, लेखनिकाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि आयत्या वेळी सगळ्यांचीच पळापळ होते. मुलाला आधी त्या विद्यार्थ्याशी भेटवा, दोस्ती झाली की काम सोपं होतं.

ओ_पॉझिटिव्ह

परळचा विषय निघालाच आहे तर प्लेटलेटबद्दल लिहितो. रक्तदान बहुतेकांना माहीत आहे, पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी देता येतं. शिबिरं जयंती-पुण्यतिथीला, गणपतीत भरपूर होतात. पण मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. म्हणून आमच्या ग्रुपने मे आणि दिवाळीच्या सुट्टीचेच दिवस धरलेत.

प्लेटलेटचं वेगळं आहे. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणजे शिबिर करून साठवून ठेवता येत नाहीत, सतत कुणीतरी देत राहावं लागतं. केमो चालू असलेल्यांच्या प्लेटलेट खाली येतात, रक्त थांबत नाही, त्यांना तर वारंवार लागतात. मशीनवर बसायचं, एका बाजूने रक्त जातं, प्लेटलेट काढून घेतल्या जातात आणि बाकीचं रक्त परत आपल्यात येतं. तास-दीड तास लागतो. ओठांना मुंग्या आल्यासारखं वाटतं तेव्हा सिस्टरना सांगायचं, त्या कॅल्शियमची गोळी देतात. आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. दोन वेळांच्या मधे ४८ तास गेले तरी पुरतं, पण वर्षाला २४ च्या वर घेत नाहीत. मी महिन्यातून एकदा जातो, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसरायला होत नाही. तिथल्या खुर्चीत तास-दीड तास कुणी फोन करत नाही, मी पुस्तक नेतो, एका हाताने पानं उलटायची सवय झालीय.

आणि बॉम्बे ब्लड ग्रुप माहीत आहे ना? १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला म्हणून ते नाव. साध्या तपासणीत तो ओ असल्यासारखा दिसतो, पण या लोकांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, फक्त आपल्याच गटाचं लागतं. आपल्याकडे साधारण १०,००० मध्ये एखादा असतो असं मानतात. या लोकांची यादी ठेवून, रात्री-अपरात्री फोन आला की एका गावाहून दुसऱ्या गावाला रक्त द्यायला धावणारी माणसं आहेत. त्यांच्या पुढे हात जोडावेत. तुम्ही ओ असाल तर एकदा नीट तपासून घ्या.

कडीपत्ता७

माझी शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. रक्त देता येतं का? घरी सगळे नको म्हणतात.

ओ_पॉझिटिव्ह

@कडीपत्ता७, गोळ्यांवर शुगर ताब्यात असेल तर देता येतं, इन्सुलिन चालू असेल तर नाही. रक्तपेढीत डॉक्टर आधी तपासतातच, हिमोग्लोबिन १२.५ लागतं, वजन ४५ किलोच्या वर. औषधांची चिठ्ठी बरोबर न्या आणि उपाशीपोटी जाऊ नका.

नीरेकाठ

मी सासवडची. आमच्या घरचा नेम वर्षातून दोनच दिवस असतो पण तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे म्हणून लिहिते. माउलींची पालखी पुण्याहून निघते, दिवेघाट चढून आमच्याकडे मुक्कामाला येते. पुण्यापासूनचा हा टप्पा मोठा, वर घाटाची चढण, संध्याकाळी वारकरी येतात तेव्हा पायांची नुसती लाही झालेली असते.

मला इथे मुद्दाम सांगायचंय की वारीत खायला देणारे भरपूर आहेत. बिस्किटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू इतके की शेवटी रस्त्यावर पडलेले दिसतात, आणि प्लास्टिकचे ग्लास तर विचारू नका. जे कमी पडतं ते वेगळंच असतं. बायकांना आंघोळीला आडोसा आणि स्वच्छ संडास, हे पहिलं. मग ओले कपडे वाळत घालायला दोरी, फोन चार्ज करायला बोर्ड, तुटलेल्या चपलेला टाका, पिशवीचा उसवलेला बंद शिवून देणारं कुणीतरी, आणि पायाच्या फोडांना मलमपट्टी. आमच्या वाड्याच्या अंगणात दोन चुली पेटतात त्या स्वयंपाकासाठी नसतात, पाणी तापवायलाच. घमेल्यात मीठ घातलेलं कोमट पाणी, त्यात पाय दहा मिनिटं, मग पुसून तेल. माझी आई शिलाई मशीन ओसरीवर काढून बसते, रात्री अकरापर्यंत तिचा पाय थांबत नाही.

परभणीच्या एक आजी दरवर्षी आमच्याकडेच उतरतात. आल्या की आधी आईच्या मशीनशी बसतात, वर्षभरात काय काय झालं ते सांगतात, म्हैस व्याली, नातीचं लग्न जमलं. पाय चोळायला गेलं की आधी त्याच आपल्या पाया पडतात, माउली माउली म्हणत, आणि आपल्याला काय करावं सुचत नाही. रात्री उशिरा अंगणात हरिपाठ होतो. ते दोन दिवस आमच्याकडे कुणी दमत नाही.

वडाचीवाडी

@नीरेकाठ, हे फार आवडलं. काय हवंय ते आधी बघणं, हाच तर मुद्दा मला वर मांडायचा होता, तुम्ही तो नीट मांडलात. गाडगेबाबांचं आठवलं. गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे, गाव झाडून काढायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. गावाला काय हवंय ते झाडतानाच दिसलेलं असायचं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं मित्र चप्पल शिवायचं सामान घेऊन येऊ का तुमच्या अंगणात? मित्राच्या घरी तो धंदा आहे, त्याने मला टाका घालायला शिकवलंय.

नीरेकाठ

@वडाचीवाडी, या की, विचारता काय! जागा भरपूर आहे. अर्धवट तुटलेले अंगठे जास्त येतात, जाड दोरा आणि रबर सोल्यूशन जास्त आणा. पालखी यायच्या आदल्या रात्रीच मुक्कामाला या, त्या दिवशी रस्ते बंद असतात.

सायंशाखा७१

सर्वांचे लेखन वाचून मन भरून आले. मी निवृत्त शिक्षक, वय ७१, नाशिकला एकटा राहतो, मुलगी पुण्याला. गुडघ्यांमुळे फार चालणे होत नाही, गर्दीत जाणे डॉक्टरांनी बंद केले आहे. मनात खूप आहे पण घरबसल्या माझ्यासारख्याने नेमाने काय करावे? पैसे देण्याखेरीज काही सुचवाल का?

पाटीपेन्सिल

@सायंशाखा७१ सर, तुमच्यासारख्यांची तर फार गरज आहे. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून लागतात, विशेषतः मराठी माध्यमाची, पदवीच्या पुढची. फोनवरच करता येतं. पंखा बंद करायचा, सकाळी लवकर किंवा दुपारी शांत असतं तेव्हा एक प्रकरण वाचायचं, पान क्रमांक सांगत जायचं, आकृती आली की ती शब्दांत सांगायची. शिक्षकांचा आवाज आणि उच्चार स्वच्छ असतात आणि आकृती समजावून सांगायची सवय असते. कुठला विषय शिकवायचात?

सायंशाखा७१

भूगोल आणि इतिहास. नकाशा शब्दांत सांगणे हे तर मी आयुष्यभर केले आहे.

पाटीपेन्सिल

सर, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी कितीतरी अंध मुलं भूगोलालाच अडतात!! नद्या कुठून कुठे वाहतात, घाट कुठल्या दोन गावांच्या मधे आहे हे नुसतं वाचून डोळ्यापुढे येत नाही. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते आजच.

दुपटेवाली

सरांना दिलेलं उत्तर छान. घरबसल्या करण्यासारखं आणखी एक, सासूबाई करतात. जुन्या सुती साड्यांची दुपटी, टोपडी आणि झबली. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला आलेल्या कितीतरी बायकांकडे बाळाला गुंडाळायला पुरेसं काही नसतं, त्यात बाळ दिवसांआधी झालेलं असलं की ऊब टिकणं फार महत्त्वाचं, डोक्यातून ऊब पटकन जाते म्हणून टोपडं हवंच. नवं कापड कडक असतं, दहा-बारा वर्षं वापरलेली सुती साडी मऊ होते, त्यासारखं बाळाच्या अंगाला दुसरं काही नाही.

सासूबाई साडी आधी उकळत्या पाण्यात भिजवतात, कडक उन्हात दोन दिवस वाळवतात, जरीचा काठ असेल तर काढून टाकतात कारण तो टोचतो. शिवण कायम बाहेरच्या बाजूला ठेवायची म्हणजे आत बाळाला रुतत नाही. बटण नाही, हुक नाही, बांधायच्या नाड्या आणि त्याही आखूड, गळ्याशी येणार नाहीत अशा. वॉर्डातल्या सिस्टरना आधी विचारून घेतलं होतं त्यांनी, काय मापाचं हवं म्हणून. सिस्टरनीच सांगितलं की टोपड्याचं माप संत्र्याएवढ्या डोक्याचं सुद्धा करा. ते ऐकून सासूबाई दिवसभर गप्प होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इवलीइवली टोपडी बेतून बसल्या. सासरे गेल्यापासून दुपारच्या वेळी त्यांना फार एकटं वाटायचं, आता दुपारी दोन ते चार कुणी बोलावलं तरी जात नाहीत. आसपासच्या बायका साड्या आणून देतात, प्रत्येक साडीची एक गोष्ट असते, कुणाची डोहाळजेवणाची, कुणाची आईने दिलेली.

बर्फाळ_उंबरठा

कॅलगरीहून लिहितोय. इथे नियम आहे की बर्फ पडून थांबला की २४ तासांत आपल्या घरासमोरचा फूटपाथ साफ करायचा. शेजारी एक वयस्क पोलिश जोडपं आहे. मी सकाळी सहाला फावडं घेऊन निघतो, आमचा झाला की त्यांचाही करतो, पायऱ्यांवर मीठ टाकतो कारण फावड्याने काढलं तरी खाली पातळ काचेसारखा बर्फ राहतो आणि त्यावरूनच म्हातारी माणसं घसरतात. वीसेक मिनिटं जास्त लागतात. आजोबांना फार इंग्रजी येत नाही, मला पोलिश येत नाही. ते खिडकीत उभे राहून हात वर करतात. मागच्या नाताळात त्यांनी खसखशीचा रोल दिला, आम्ही संक्रांतीला तिळगूळ दिला, आता आजी तिळाची वडी मागून घेतात.

इथे नवीन आलो तेव्हा पहिला हिवाळा फार जड गेला होता, साडेचारलाच सूर्यास्त, ओळखीचं कुणी नाही. सकाळचं हे काम सुरू झाल्यापासून उठायला कारण मिळालं. गोणपाट दादा उन्हाचं लिहितायत आणि मी उणे पंचवीसमधून वाचतोय, पण ते ओगराळं डोळ्यापुढे आलं.

गोणपाट

@बर्फाळ_उंबरठा, भाऊ, इकडे आले की या अकोल्यात, पहिलं ओगराळं तुमचं!

रानमोगरी

मुलाला विचारलं, तयार आहे. त्याने स्वतःहून विचारलं की आकृती काढायची असली तर काय करायचं. शाळेत सोमवारी जाते. आणि तांबडफुटी, मी शिवडीला राहते, शनिवारी भाकरी करून आणू शकते, मला बाजरीच्याही छान येतात. किती वाजता असता?

तांबडफुटी

@रानमोगरी, सकाळी साडेनऊला, गेटसमोरच्या पिंपळाखाली. या म्हणजे ओळख होईल. बाजरीच्या थंडीत नक्की आणा, आत्ता ज्वारीच्याच बऱ्या. आणि एक, भाकरी गरम असताना डब्यात भरू नका, घाम सुटून चिवट होतात, फडक्यात गुंडाळून टोपलीतून आणा. लसणाची चटणी मी आणते, ती तुम्ही करू नका, नाहीतर दोघींकडची मिळून उरेल.

@ओ_पॉझिटिव्ह, वहिनींचा मुलगा प्लेटलेट द्यायला तयार आहे, वय १९, वजन ६२. त्याला तुमच्याबरोबर पहिल्यांदा न्याल का? एकटा जायला बिचकतोय.

ओ_पॉझिटिव्ह

नेतो की. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला जाणार आहे. आदल्या रात्री नीट झोप आणि सकाळी पोटभर नाश्ता करून यायला सांगा, भरपूर पाणी प्यायला सांगा, आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाल म्हणावं.